झेंडे लेस्टरच्या गल्लीत, घोर राजारामपुरीत

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. त्या रुग्णालयात नर्स, यजमान आयटीत, दोन मुलं शाळेत. सासर कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीत इंग्लंडचे झेंडे लागले. शेजारचे आजोबा म्हणाले, "हे तुमच्याबद्दल नाही हं, बोटीतून येणाऱ्यांबद्दल आहे." ताईंना आधी हायसं वाटलं आणि मग रात्रभर झोप लागली नाही. इकडे सासूबाई मोबाईलवर तिथल्या स्थलांतरितांविरुद्धच्या मोर्च्यांचे व्हिडिओ बघून रोज विचारतात, "कवा येतासा परत?"

ताई, तिथल्या लोकांचा सगळाच राग तुमच्या रंगावरचा आहे, असं धरून चालू नका. इंग्लंडमधल्याच रॉदरहॅम गावात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १,४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं. पोलिसांना आणि नगरपालिकेला कुणकुण होती, तरी त्यांनी डोळेझाक केली, हे २०१४ च्या चौकशी अहवालातच आहे. ज्या आईची पोर त्यात होती, तिनं पोलिसांवर विश्वास कसा ठेवायचा? २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत इंग्लंड-वेल्समधले जवळपास २०,००० पोलीस कमी झाले. ती भरती पुन्हा झाली, पण अनुभवी माणसं गेली ती गेलीच. दुकानांतल्या चोऱ्यांची वर्षाची नोंद ५ लाखांवर गेली. फ्रान्सकडून इंग्लिश खाडी ओलांडून लहान बोटींतून २०१८ मध्ये ३०० च्या आसपास माणसं आली होती, २०२२ मध्ये ४५,७५५. घर भाड्यानं मिळत नाही, डॉक्टरांची वेळ मिळत नाही, आणि सरकार मात्र आश्रितांना, म्हणजे आश्रय मागायला आलेल्यांना, हॉटेलात ठेवतंय. हे रोज बघणाऱ्या माणसाचा संताप समजून घ्यायला हवा.

पण हा संताप अफवेच्या हाती लागला की काय होतं, तेही तुम्ही पाहिलंत. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये तीन चिमुकल्या मुलींचा खून झाला. मारेकरी बोटीतून आलेला आश्रित आहे, अशी बातमी काही तासांत पसरली. ती साफ खोटी होती. तो मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला. तरी दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. पुढच्या काही दिवसांत रॉदरहॅमला आश्रितांचं हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला आणि हलमध्ये रोमानियन माणसांच्या गाडीवर जमाव तुटून पडला. रोमानियन, म्हणजे गोऱ्या कातडीचे युरोपियन! व्हिसा कुठला, कर भरता का, असं तिथं कुणी विचारलं नाही.

म्हणून त्या आजोबांच्या "तुमच्याबद्दल नाही"वर विसंबू नका. त्यांचं मन चांगलं असेल, त्यांच्याशी बोलणं मुळीच तोडू नका. पण "आम्ही कायदेशीर आलो, ते तसे नाहीत" असं म्हणत त्यांच्या सुरात सूर मिसळू नका. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात ब्रिटनमध्ये निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) ९ लाखांवर गेलं, आणि युरोपबाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट आपलाच, भारतीयांचा होता. बोटी उद्या बंद झाल्या, तरी आकड्यांचा राग उरेल, आणि त्या आकड्यात तुम्ही आहात.

आपल्या मराठी ग्रुपांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. २०२२ मध्ये तुमच्याच लेस्टरमध्ये मुलीच्या अपहरणाच्या प्रयत्नाची अफवा फिरली. असं काही घडलंच नाही, हे पोलिसांनी तपासाअंती सांगितलं, तरी हिंदू-मुस्लिम पोरं रस्त्यावर आलीच. कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. ७ जून २०२३ ला मोबाईलच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात काय झालं, दगडफेक, लाठीमार, बंद पडलेलं इंटरनेट, सगळं आपण भोगलंय. मग कोल्हापुरातून लेस्टरला आणि लेस्टरहून कोल्हापूरला एका विशिष्ट समाजाविरुद्धचे व्हिडिओ आपणच का ढकलतो? ब्रिटनमध्ये याला शिक्षा आहे. साउथपोर्टनंतरच्या दंगलीच्या दिवसांत आश्रितांची हॉटेलं पेटवण्याची भाषा लिहिणाऱ्या एका नगरसेवकाच्या पत्नीला ३१ महिन्यांची कैद झाली. तुमच्यावर असा खटला झाला, तर व्हिसाही हातचा जाईल.

आता रोजच्यातलं. कुणी अंगावर धावून आलं तर ९९९ हा तातडीचा नंबर, नुसती शिवीगाळ करून निघून गेलं तर १०१ हा पोलिसांचा साधा नंबर किंवा पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार. "हे वंशद्वेषातून झालं असं मला वाटतं" हे स्पष्ट सांगा, कारण तिथे पीडिताला तसं वाटलं तरी पोलीस नोंद द्वेषगुन्हा म्हणूनच करतात. नोंदीचा क्रमांक मागून घ्या. तक्रार केली म्हणून व्हिसावर डाग लागत नाही, ही भीती मनातून काढून टाका. आपली माणसं "जाऊ दे, कशाला लफडं" म्हणून गप्प बसतात, आणि मग त्या भागात असं काही घडतच नाही, असं कागदावर दिसतं. मुलांना शाळेत कुणी बोललं असेल, तर शिक्षकांना तोंडी सांगून थांबू नका, ईमेल करा.

मुलांपासून झेंड्यांचा विषय लपवू नका. साउथपोर्टच्या मशिदीची भिंत पडली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती परत बांधायला तिथलेच गवंडी आणि शेजारी आले होते, हेही त्यांना सांगा.

सासूबाईंना व्हिडिओ बघू नका म्हणून उपयोग नाही, त्या बघणारच. त्यापेक्षा रोज संध्याकाळी मुलांना पाच मिनिटं त्यांच्याशी बोलू द्या. नातवंडं शाळेतून नीट घरी आली, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचंय.

परतायचं की नाही, हे भीतीपोटी ठरवू नका. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला. तुमची किती वर्षं भरलीत आणि नवा नियम तुम्हाला लागतो का, हे तिथल्या नोंदणीकृत व्हिसा सल्लागाराकडून लेखी घ्या, कोल्हापुरातल्या एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मुलांचं दहावीचं वर्ष आणि त्या तारखा शेजारी मांडा, आणि मग यजमानांबरोबर बसून ठरवा.