वाचकांचे प्रश्न : सिम्प्सन कुटुंब इतके जवळचे का वाटते?

प्रश्न : मुलांमुळे ‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका घरात सुरू झाली आणि आता आम्ही दोघेही ती नियमित पाहतो. पिवळ्या रंगाची माणसे, आळशी बाप, खोडकर मुलगा, यापलीकडे वरवर पाहता तिच्यात फारसे काही नाही. तरीही या कुटुंबाची काळजी वाटू लागते. असे का होत असावे?

उत्तर : यासाठी मालिकेच्या पहिल्याच पूर्ण भागाकडे वळावे लागेल. मॅट ग्रेनिंग यांनी निर्माण केलेले हे कुटुंब १९८७ पासून ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमात छोट्या छोट्या तुकड्यांतून दिसत होते. अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका म्हणून ते १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवर आले, आणि आले ते नाताळच्या एका कथेतून. ही कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत पैशांच्या हिशेबावर उभी आहे. कुटुंबाची आई मार्ज हिने वर्षभर साठवलेली नाताळची पुंजी एका बरणीत आहे आणि ती बरणी तिने आपल्या उंच निळ्या केसांत दडवून ठेवली आहे. मुलगा बार्ट कुणालाही न विचारता दंडावर गोंदवून घेतो, ते काढून टाकण्यासाठी ती सगळी पुंजी खर्च होते, आणि मार्ज स्वतःची समजूत घालते की नवरा होमरचा बोनस तर येणारच आहे. त्याच सुमारास होमर ज्या अणुवीज प्रकल्पात काम करतो तेथे मालक बर्न्स जाहीर करतात की अधिकाऱ्यांच्या पगारवाढीला धक्का लागणार नाही, कामगारांना मात्र यंदा बोनस मिळणार नाही.

होमर ही गोष्ट घरी सांगू शकत नाही. तो गुपचूप एका मोठ्या दुकानात सांताक्लॉजचे काम पत्करतो. शेवटी चेक हाती पडतो तो अवघ्या १३ डॉलरचा, कारण १२० डॉलरच्या मजुरीतून कर आणि विम्याबरोबरच सांता होण्याच्या प्रशिक्षणाचे, पोशाखाचे आणि दाढीच्या भाड्याचेही पैसे कापून घेतलेले असतात. ही वजावट एकेक करून वाचून दाखवली जाते आणि त्या वेळी होमरचा चेहरा पाहावा. आपण हसतो खरे, पण हसताहसता त्याच्याबरोबर मनातल्या मनात बेरीज-वजाबाकीही करत असतो. पगारपत्रक हातात घेऊन कुठला आकडा कुठे गेला हे ज्यांनी कधी शोधले आहे, त्यांना तो चेहरा समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या मते या मालिकेच्या आकर्षणाचे मूळ येथेच आहे. कौटुंबिक विनोदी मालिकांत अडचण बहुधा गैरसमजातून उभी राहते आणि गैरसमज मिटला की ती संपते. सिम्प्सनांची अडचण कोणाच्या समजण्या-न समजण्यावर अवलंबून नसते. पैसे कमी असतात, आणि सगळ्यांनी एकमेकांना मिठी मारली तरी ते कमीच राहतात. त्यामुळे पात्रांना निवड करावी लागते, आणि माणसाचा स्वभाव खरा कळतो तो अशा निवडीतून. होमर बायकोशी खोटे बोलतो, कारण रिकाम्या हाताने घरी जाणे त्याला सहन होत नाही. उरलेले १३ डॉलर तो कुत्र्यांच्या शर्यतीत लावतो आणि हरतो. ज्या कुत्र्यावर पैसे लावले तो शेवटचा येतो, त्याचा मालक त्याला हाकलून देतो आणि तोच कुत्रा होमर घरी घेऊन येतो. घरच्यांना वाटते की हीच नाताळची भेट. दारिद्र्याचे उदात्तीकरण करणारी कथा असती, तर येथे कुठून तरी पैसे आले असते. ते येत नाहीत, आणि म्हणूनच शेवटचा आनंद पटतो.

त्या काळचे चित्रही लक्षात घ्यावे. अमेरिकन दूरचित्रवाणीवर तेव्हा ‘द कॉस्बी शो’ अत्यंत लोकप्रिय होता, आणि त्या कुटुंबातील वडील डॉक्टर तर आई वकील होती. ‘रोझॅन’सारख्या मालिकेने १९८८ मध्ये कष्टकरी घर पडद्यावर आणले होते, पण एकंदरीत पडद्यावरची घरे प्रेक्षकांच्या घरांपेक्षा बरीच सुखवस्तू असत. १९९० मध्ये फॉक्सने सिम्प्सनांना गुरुवारी रात्री थेट कॉस्बींच्या वेळेवर आणून बसवले, तेव्हा एकाच वेळी दोन वाहिन्यांवर दोन अगदी वेगळी कुटुंबे दिसू लागली. १९९२ च्या जानेवारीत तर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर भाषणात म्हटले की अमेरिकन कुटुंबे सिम्प्सनांसारखी कमी आणि वॉल्टन कुटुंबासारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन हे मंदीच्या काळातील एका सोशिक, सालस कुटुंबाच्या मालिकेतले लोक. काही दिवसांतच सिम्प्सनांच्या एका भागाच्या सुरुवातीला बार्टच्या तोंडून उत्तर आले की आम्हीही वॉल्टनांसारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतो आहोत. घरातले वागणे आणि घरातला पैसा यांची फारकत करू नका, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेले मी क्वचितच ऐकले आहे.

प्रश्न : होमर आळशी, खादाड, बेजबाबदार आणि मंदबुद्धी दाखवला आहे. हा कष्टकरी माणसाचा उपहास नव्हे काय? सुशिक्षितांनी कामगाराला हसावे, यासाठीच हे पात्र घडवलेले दिसते.

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिला बगल देता येणार नाही. होमर मूर्ख आहे, आणि पुढच्या अनेक वर्षांत लेखकांनी त्याला इतका मूर्ख केला की काही भागांत त्याच्यात माणूस शिल्लक राहिला नाही, असे मला स्पष्ट वाटते. तरीही मालिकेच्या सर्वोत्तम काळात त्याची चूक आणि त्याच्यावर होणारा अन्याय या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ज्या माणसाच्या प्रकल्पात होमर राबतो त्या बर्न्सला त्याचे नावही आठवत नाही, आणि हा प्रसंग इतक्या वेळा येतो की केवळ गंमत म्हणून त्याकडे पाहणे कठीण होते.

११ मार्च १९९३ रोजी प्रसारित झालेला संपाचा भाग या दृष्टीने अवश्य पाहावा. अमेरिकेत दातांच्या उपचारांचा विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. बर्न्स तो करारातून काढून टाकू पाहतात आणि त्याच्या बदल्यात युनियनच्या बैठकीसाठी बिअरचे एक पिंप देऊ करतात. कामगार आनंदाने पिंपाकडे धावतात, होमरही धावतो. नेमक्या त्याच दिवशी मार्जने त्याला सांगितलेले असते की त्यांची मुलगी लिसा हिच्या दातांना तारा बसवाव्या लागणार आहेत. दोन वाक्ये त्याच्या डोक्यात आळीपाळीने घुमत राहतात, एक मुलीच्या दातांचे आणि दुसरे विम्याचे, आणि बऱ्याच वेळाने त्यांचा एकमेकांशी संबंध त्याला लागतो. होमरची मंदबुद्धी येथे पुरेपूर वापरली आहे, पण संबंध लागल्यानंतर भर सभेत उभा राहणारा माणूसही तोच आहे. तो युनियनचा अध्यक्ष होतो आणि संप पुकारला जातो. दरम्यान लिसाला सर्वांत स्वस्त तारा बसवल्या जातात. त्या स्टेनलेस स्टीलचा शोध लागण्यापूर्वीच्या, पाणी लागू द्यायचे नाही अशा असतात, आणि आरशात स्वतःला पाहून ती आठ वर्षांची मुलगी हादरून जाते. वाटाघाटींत बर्न्स होमरला महाधूर्त समजतात, कारण त्याच्या भोळेपणाचा अर्थच त्यांना लागत नाही. शेवटी विमा परत मिळतो, अट एवढीच की होमरने अध्यक्षपद सोडावे, आणि ती त्याला आनंदाने मान्य असते.

हा उपहास असेल तर त्याचे टोक कोणाकडे आहे, हे आपणच पाहावे. कामगार निर्दोष आणि थोर दाखवला म्हणजे त्याचा सन्मान झाला, असे मला वाटत नाही. ज्याच्यात दोष आहेत त्या माणसाच्या मुलीलाही चांगल्या तारा मिळाल्या पाहिजेत, ही या भागाची भूमिका त्याहून अधिक सच्ची आहे.

प्रश्न : हीच गोष्ट खऱ्या नटांना घेऊन सांगता आली नसती काय? चित्रांचीच गरज का?

उत्तर : सांगता येते, आणि सांगितली गेलीही आहे. किंबहुना चित्रांतील कष्टकरी कुटुंबाची परंपराच तेथून सुरू झाली. १९६० साली आलेली ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही अश्मयुगातील मालिका, जिच्यात फ्रेड दगडाच्या खाणीत यंत्र चालवतो, ती एका बसचालकाच्या संसारावरील ‘द हनीमूनर्स’ या नटांच्या मालिकेच्या वळणावर गेलेली होती.

चित्रांचा मोठा फायदा वयाचा आहे. नटमंडळी वाढतात, बालकलाकार तरुण होतात, आणि मग कथेलाही पुढे सरकावे लागते. मुले शिकून बाहेर पडतात, घराची परिस्थिती बदलते. बार्ट मात्र दहा वर्षांचाच राहतो आणि तान्ह्या मॅगीच्या तोंडातील चोखणी सुटत नाही. त्यामुळे दर भागाच्या अखेरीस कुटुंब जेथे होते तेथेच परत येते. पगारावर जगणाऱ्या घराला महिना संपताना जे वाटते, त्याच्याशी ही रचना विलक्षण जुळते. २०११ पासून सुरू असलेल्या ‘बॉब्स बर्गर्स’ मालिकेत हे आणखी ठळक दिसते. बॉबचे छोटे उपाहारगृह भाड्याच्या जागेत आहे, वरच्या मजल्यावर पाच जणांचे कुटुंब राहते, आणि भाड्याची तारीख काही सुटत नाही. मोठ्या मुलीच्या तेराव्या वाढदिवसासाठी बॉब रात्री टॅक्सी चालवतो, तो पहिल्या वर्षातील भाग मला विशेष प्रिय आहे. शिवाय ‘सिम्प्सन्स’मध्ये मागून ध्वनिमुद्रित हशा येत नाही. कुठे हसायचे आणि कुठे नाही, हे प्रेक्षकाने स्वतः ठरवायचे असते.

प्रश्न : एका माणसाच्या पगारावर तीन मुले, दोन गाड्या आणि दुमजली घर! याला कामगारवर्गीय जीवन म्हणायचे काय?

उत्तर : हा प्रश्न लेखकांनी स्वतःच मालिकेत विचारला आहे. ४ मे १९९७ च्या भागात फ्रँक ग्राइम्स नावाचा सहकारी होमरच्या घरी येतो आणि ते घर पाहून थक्क होतो. आयुष्यभर मरमर काम करणारा हा माणूस एका खोलीत राहतो, त्या खोलीच्या खाली बोलिंगची, म्हणजे चेंडूने खुंट पाडण्याच्या खेळाची, एक जागा आहे आणि वरही दुसरी. त्याचा संताप समजण्यासारखा आहे, आणि त्याचा शेवट इतका क्रूर आहे की हा भाग आजही अस्वस्थ करतो.

घराचा खुलासा त्यापूर्वी १९९२ मध्येच आलेला होता. होमरच्या वडिलांनी स्वतःचे घर विकून त्याला या घरासाठी पैसे दिले, आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत होमरने त्यांना वृद्धाश्रमात पोचवले. म्हणजे पगारातून हे घर उभे राहिलेले नाही. एका पिढीचे छप्पर गेले तेव्हा दुसरीला मिळाले, आणि हे लेखकांनी विनोदात का होईना, पण लपवलेले नाही.

तरीही १९८९ मध्ये जे ओढग्रस्तीचे घर वाटत होते ते आजच्या अमेरिकन तरुणाला ऐश्वर्यासारखे वाटते, ही गोष्ट खरीच आहे, आणि मालिकेने तिचीही दखल घेतली. २२ मे २०२२ च्या भागात बार्टला बापाच्या नोकरीचे आकर्षण वाटू लागते, तेव्हा प्रकल्पातील एक सफाई कामगार त्याला गाण्यातून समजावतो की दुसऱ्या महायुद्धानंतर साध्या माणसाला अशा नोकरीवर घर-संसार कसा उभारता आला आणि पुढे ते सारे कसे हातातून निसटत गेले. या कामगाराला अभिनेते ह्यू जॅकमन यांचा आवाज आहे. आपल्या मुलांनी तो भाग पाहिला नसेल तर त्यांच्याबरोबर बसून पाहावा, आणि त्याआधी १९८९ चा नाताळचा भाग दाखवावा.