कंपोझिशन योजनेमुळे राज्याचा महसूल बुडतो का?

थोडा घटतो, पण वाटतो तितका नाही. ही जीएसटीतली लहान व्यापाऱ्यांसाठीची योजना: खरेदीवरच्या कराची वजावट न घेता विक्रीवर कमी दराने कर भरायचा. नाशिकमधल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाची वार्षिक विक्री ८० लाख, खरेदी ६४ लाख (करापूर्वी) धरा. १८% दराने नियमित नोंदणीत खरेदीवरच्या कराची वजावट घेतल्यावर भरायचे २.८८ लाख, त्यात राज्याचे १.४४ लाख. कंपोझिशनमध्ये विक्रीवर १%, म्हणजे ८० हजार. राज्याचे ४० हजार. दुकानामागे लाखभराची ही तूट फक्त नफ्याच्या टप्प्यावरची. खरेदीवरचा कर मात्र वजावट नसल्याने तिजोरीतच राहतो. माल सुरतेहून आणला तरी त्यावरच्या आयजीएसटीतला (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच मिळतो.

खरी गळती वेगळीच. योजनेची वार्षिक विक्रीची १.५ कोटींची मर्यादा ओलांडू नये म्हणून विक्री लपवणं, किंवा एकच धंदा घरातल्या दोघांच्या पॅनवर दाखवणं. तपासणी इथेच कडक हवी. खरेदी जीएसटी पोर्टलवर दिसते, ती सीएमपी-०८ मधल्या (कंपोझिशनवाल्यांचं तिमाही विवरण) विक्रीशी ताडली की फरक लगेच समोर येतो.

महापालिकेची चिंता नको: जकात-एलबीटीच्या (स्थानिक संस्था कर) बदल्यात तिला २०१७ च्या राज्य कायद्याने भरपाई मिळते, दरवर्षी ८% वाढीव. शहरात कंपोझिशनवाले किती, यावर ती ठरत नाही.