साउंड थेरपीच्या ट्रायलमध्ये पोरीला घालावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पोरगी तेरा वर्षांची, एन्झायटीमुळं शाळेला जाईनाच गेलीये, आणि परभणीतले एक सेंटरवाले हेडफोनवर गाणी ऐकवायची थेरपी 'टेस्टिंग चालूय' म्हणून फी मागतायत. मी लातूरला शाळेत काउन्सेलर आहे. त्यांना आधी एवढंच विचारा, तुलनेसाठी जो दुसरा ग्रुप ठेवायला लागतो, ज्याला ही थेरपी देत नाहीत, त्याला काय ऐकवणार?

कारण बघा, अमेरिकेत एन्झायटी असलेल्या 488 पोरांवर एक मोठी ट्रायल झाली, 2008 ला छापून आली, वयं 7 ते 17. त्यात 12 आठवडे नुसती खोटी, औषध नसलेली गोळी खाऊन जवळपास 24 टक्के पोरं चांगली सुधारली! सर्ट्रालिन ह्या एन्झायटीवरच्या गोळीनं 55 टक्के, सीबीटीनं, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या थेरपीनं 60, दोन्ही मिळून 81. म्हणजे उद्या कुणी सांगितलं की आमच्याकडं चारातलं एक पोरगं बरं झालं, तर त्यात गाण्याचं काय कर्तृत्व?

परभणीवाल्यांचं ते बहुतेक स्टीफन पोर्जेस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सेफ अँड साउंड प्रोटोकॉलसारखं काहीतरी असेल. गाणी फिल्टर करून माणसाच्या आवाजाची पट्टी पुढं आणायची, थोडं थोडं करत एकूण पाचेक तास ऐकवायची, म्हणजे मज्जासंस्थेला सुरक्षित वाटतं असा त्यांचा दावा. त्यामागच्या थिअरीवर शास्त्रज्ञांची भांडणं अजून चालूच आहेत. खरी टेस्ट म्हणजे निम्म्या पोरांना फिल्टर केलेली गाणी आणि निम्म्यांना तीच गाणी साधी, हेडफोन तोच, वेळ तेवढाच, आणि कुणाला काय मिळालं हे सुधारणा तपासून मार्क देणाऱ्यालासुद्धा माहीत नको. नाहीतर आई फोन बाजूला ठेवून अर्धा तास शेजारी बसली ह्याचाच गुण येतो आणि नाव गाण्याचं होतं.

एन्झायटी मोजायला स्केअर्ड नावाची 41 प्रश्नांची प्रश्नावली असते, एक पोरांची एक पालकांची. 'शाळेत पोट दुखतं' ह्याच्यापुढं पोरगी 'बऱ्याचदा खरं' ला टिक करते आणि बाप 'खरं नाही' ला, हे मी लई बघितलंय. म्हणून दोन्ही भरून घ्यायच्या, आधी, नंतर आणि काही महिन्यांनी परत, कारण परीक्षा संपली की पोटदुखी अशीही कमी होते.

आणि हो, ट्रायलला फी नसते. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या ट्रायलींची जिथं नोंद होते त्या सरकारी रजिस्टरचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, एथिक्स कमिटीचं पत्र मागा. आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नियमानं 12 वर्षांपुढच्या लेकराची स्वतःची लेखी संमती लागते, नुसती तुमची सही चालत नाही. तिला नको वाटलं तर मधूनच सोडता येतं. हे सगळं नीट असलं तर घाला की, माझी काही हरकत नाही, फक्त चालू गोळ्या किंवा सीबीटी त्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका आणि आवाज हळू ठेवायला लावा.

घरी गाणी ऐकू द्या हो, पण हेडफोन लावून खोलीत बसणं हेच शाळा टाळायचं साधन व्हायला नको. सीबीटीत नेमकं उलटं करतात, आज गेटपर्यंत, मग ग्राउंडपर्यंत, मग एक तास वर्गात. त्यासाठी सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा, नाहीतर संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात. तोवर 14416 वर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.