वाचकांचे प्रश्न : वेरूळला फक्त कैलास बघून परत फिरू नका

प्रश्न : ताई, दिवाळीनंतर आम्ही पाच जण अकोल्याहून संभाजीनगरला जातोय, दोन दिवस हाताशी आहेत. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात, मुलं दहावी-बारावीतली. लग्नाआधी एकदा ट्रिपला गेले होते तेव्हा बसवाल्याने दोन तास दिले, कैलास बघितला आणि पळत पळत परत. ह्यावेळी नीट बघायचंय. पण मिस्टर म्हणतात बौद्ध लेणी सगळी सारखीच दिसतात, त्यात वेळ कशाला घालवायचा. काय बघू तिथे?

उत्तर : सगळ्यात आधी वार बघा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी, हे माहीत नसल्यामुळे दर आठवड्याला कुणीतरी गेटवरून परत जातं.

आता मिस्टरांच्या बोलण्याबद्दल. सारखी दिसतात कारण आपण ती दमलेल्या पायांनी, शेवटी, दहा मिनिटांत बघतो. तिकीट काढून आत गेलं की समोरच सोळा नंबर, म्हणजे कैलास, तो सगळी ताकद आणि सगळा वेळ खाऊन टाकतो, आणि उजव्या हाताला एक ते बारा ही बौद्ध लेणी आहेत तिकडे मग कुणी फिरकतच नाही. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण माझ्या मते वेरूळचं खरं रोजचं जगणं तिथे आहे.

माझा सल्ला असा की सकाळी गेट उघडल्या उघडल्या कैलास करा, गर्दी नसते. मग आतल्या बसने जैन लेण्यांकडे जा, ती दीडेक किलोमीटरवर आहेत, सासूबाईंना चालायला लावू नका. बत्तीस नंबरची इंद्रसभा बघा, वरच्या मजल्यावरचे खांब आणि छतावरचं कमळ सोडू नका. मग नीट जेवा, सावलीत अर्धा तास पाठ टेका आणि तीननंतर बौद्ध लेण्यांत शिरा. तीननंतरच का, तर ह्या डोंगराच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी आत अंधार असतो आणि दुपार कलली की ऊन आत यायला लागतं, तेव्हा मूर्तींचे चेहरे दिसतात.

पाच नंबरला लांबच लांब दालन आहे, मधे जमिनीलगत दोन दगडी बाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत. इथे भिक्खू रांगेने बसायचे, पाठांतराला म्हणा किंवा जेवायला म्हणा. सासूबाईंना त्या दालनात निवांत उभं राहू द्या आणि मुलांना कडेच्या खोल्यांत डोकावू द्या, एका माणसाला झोपायला किती जागा लागते ते त्यांना आपोआप कळेल. सहा नंबरमधे महामायूरी शोधा, ही विद्येची देवता, शेजारी मोर आहे आणि खाली एक जण पोथी समोर ठेवून वाचत बसलाय. बारावीच्या पोराला ते दाखवाच, तेराशे वर्षांपूर्वीचा अभ्यास करणारा माणूस आहे तो.

दहा नंबरला मात्र घाई करायची नाही. हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूपासमोर प्रार्थनेला जमायचं दालन, बाकीचे सगळे विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या जागा. आत स्तूप आणि त्याच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेले भव्य बुद्ध. मान वर करा, छताला दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी तुळयांसारख्या. तुम्ही कार्ल्याला गेला असाल तर तिथे चैत्याच्या छताला खरोखरच्या लाकडाच्या कमानी अजून आहेत, दोन हजार वर्षांच्या. वेरूळला येईपर्यंत लाकडाची काही गरज उरली नव्हती, कारण अख्खा डोंगरच कापायचा होता, तरी कारागिरांनी ती जुनी सवय दगडात उतरवली. म्हणूनच ह्याला विश्वकर्मा किंवा सुताराचं झोपडं म्हणतात आणि आसपासचे सुतार ह्या बुद्धाला विश्वकर्मा मानून हात जोडत आलेत. मला तर पूर्ण वेरूळमधे ह्या गोष्टीइतकं भारी काही वाटत नाही.

अकरा नंबरला दोन ताल म्हणायचे, कारण दोनच मजले दिसत होते, मग 1876 साली खाली गाडलेला तिसरा मजला सापडला, पण नाव तेच राहिलं. बारा नंबर तीन ताल, बाहेरून एकदम साधा, वरच्या मजल्यावर मात्र सात-सात बुद्धांच्या रांगा. जिने उंच आहेत, सासूबाईंना खाली अंगणात बसवा आणि मुलांना वर पाठवा. मोबाईलचा टॉर्च मूर्तीवर समोरून मारू नका, बाजूने तिरपा धरा, कोरीव काम उठून दिसतं. फ्लॅश अजिबात नको.

आणि एक कळकळीने सांगते, मुलांना बुद्धाच्या मांडीवर हात टाकून सेल्फी काढू देऊ नका. ही लेणी बाबासाहेबांच्या मागे धम्म स्वीकारलेल्या लाखो लोकांसाठी आजही पूजेची जागा आहेत, पांढऱ्या कपड्यातली कुटुंबं इथे वंदना म्हणताना दिसतात. ते म्हणत असतील तर आपण दाराशी थांबायचं, संपल्यावर आत जायचं.

घृष्णेश्वर जवळच आहे. पुरुषांना गाभाऱ्यात सदरा-बनियन काढून जावं लागतं, हे मिस्टरांना आधीच सांगून ठेवा. मालोजीराजे भोसल्यांनी मंदिर दुरुस्त केलं आणि पुढे अहिल्याबाईंच्या काळात पुन्हा बांधकाम झालं. सोमवारी गर्दी असते.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी पुण्याहून खुलताबादला जायचं म्हणतोय. मुस्लिम नाही, कधी दर्ग्यात गेलो नाही. आत जाऊ देतात का? काय घालायचं, काही वाहावं लागतं का? घरच्यांना उगाच टेन्शन आलंय.

उत्तर : जाऊ देतात आणि प्रेमाने जाऊ देतात. पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि मोठी ओढणी, डोकं झाकायचं, पुरुष सोबत असतील तर त्यांनीही रुमाल बांधायचा. चप्पल बाहेर. काही दर्ग्यांत मजारीच्या, म्हणजे संतांच्या कबरीच्या, अगदी आतल्या खोलीत बायकांना जाऊ देत नाहीत, उंबऱ्यापाशी उभं राहून दर्शन घ्यायचं, तिथे वाद घालू नका, मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची देखभाल करणाऱ्यांना, आधीच विचारा की कुठपर्यंत यायचं. फुलं, चादर काहीही सक्तीचं नाही, पेटीत मनाला येईल ते टाका. कबरी ओलांडून जायचं नाही, दोन कबरींमधे वाट असते तिनेच चाला. शुक्रवारी दुपारच्या नमाजची वेळ टाळा आणि उरुसात गेलात तर गर्दीची तयारी ठेवा.

खुलताबादला बहुतेक लोक एकाच कबरीसाठी जातात, औरंगजेबाच्या. ती शेख झैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात आहे, वर छत नाही, साधी मातीची, आजूबाजूची संगमरवरी जाळी खूप नंतर हैदराबादच्या निजामाच्या काळात लागली. तिथे बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा आणि कुणी वाद उकरायला लागलं तर पुढे चला. पण गाडी तिथूनच माघारी वळवू नका. समोरच बुऱ्हाणुद्दीन गरीब ह्यांचा दर्गा आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे शिष्य, तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळात दख्खनमधे आले, 1337 मधे वारले. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला ह्यांचंच नाव दिलंय. हैदराबादचे पहिले निजामही ह्याच आवारात आहेत.

आणि गावाबाहेर मलिक अंबरचा मकबरा. तिथे क्वचितच कुणी असतं. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं, खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर, शहराला नहरीने पाणी दिलं. शहाजीराजे ह्याच निजामशाहीत वाढले. 1626 मधे तो गेला. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं उभं राहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

भद्रा मारुतीही ह्याच गावात, झोपलेला मारुती. श्रावणात शनिवारी शहरातून लोक रात्रभर चालत येतात, त्या दिवशी रस्ता भरलेला असतो, गाडीने जाणार असाल तर दुसरा दिवस निवडा.

प्रश्न : मी लातूरला इंजिनीअरिंगला आहे. दौलताबादच्या किल्ल्यातली जुनी मशीद बघितली, खांब सरळ सरळ देवळाचे दिसतात आणि आत आता भारतमातेची मूर्ती आहे. ग्रुपवर फोटो टाकला तर नुसती भांडणं. हे बघायचं तरी कसं?

उत्तर : जे आहे ते सगळं बघ, त्यातलं एकही झाकू नकोस. मशीद 1318 ची, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीची. त्याच मोहिमेत यादवांचा शेवटचा वारस हरपाळदेव मारला गेला. खांब शंभराच्या वर आहेत आणि ते देवळांतून आणलेले आहेत, ही गोष्ट खरी आहे आणि ती बोलायलाही हरकत नाही. भारतमातेची मूर्ती हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर बसवली, हेही खरं. मग अंगणात मधे उभा राहा आणि खांबांवरचं कोरीव काम हळूहळू बघ, घंटा, साखळ्या, वेलबुट्टी. ते करणारे गवंडी ह्याच मुलखातले होते. ग्रुपवर टाकायचं तर एकेका खांबाचा जवळून फोटो टाक, खाली साल लिही, मग भांडायचं तर माहितीवर भांडू देत.

जवळच चाँद मिनार, 1445 चा, बहमनी, साठ मीटरच्या वर उंच, पायाशी छोटी मशीद. आणि दम असेल तर वर चढ, भुयारी अंधाऱ्या वाटेतून गेल्यावर वरच्या अंगाला जनार्दनस्वामींची समाधी आहे. एकनाथांचे गुरू. ते ह्याच किल्ल्याचे किल्लेदार, मुसलमानी सत्तेच्या चाकरीत होते, आणि परंपरा सांगते की त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी वळणाचे. एकनाथ पैठणहून इथे शिकायला आले. तुझ्या ग्रुपवर हा फोटो कुणी टाकलाय का?

प्रश्न : शहरातच औरंगाबाद लेणी म्हणून आहेत म्हणे. अर्धा दिवस आहे, जावं का?

उत्तर : नक्की जा. बीबी का मकबऱ्याच्या मागे डोंगरात आहेत, पायऱ्या भरपूर, सकाळी लवकर चढा आणि पाणी न्या. तीन नंबरमधे बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले भक्त, माणसाएवढे, दागिन्यांसकट, असं दृश्य मला दुसरीकडे दिसलं नाही. सात नंबरच्या दाराशी अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात धावून येणारा बोधिसत्त्व, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं, आग, हत्ती, सिंह, साप, चोर, बुडणारं जहाज वगैरे, आणि प्रत्येकात घाबरलेली माणसं त्याच्याकडे बघून हात जोडतायत. गाभाऱ्यात डाव्या भिंतीवर नाचणारी स्त्री आणि भोवती वाजवणाऱ्या बायका आहेत, त्यासाठी टॉर्च न्या. एक ते पाच एका बाजूला, सहा ते नऊ चालत थोडं लांब, त्यामुळे पहिला गट बघून परत फिरू नका, सात नंबर दुसऱ्या गटात आहे. विजयादशमीला आणि बुद्धपौर्णिमेला पायथ्याच्या विहारात खूप लोक येतात, त्या दिवशी गाडी लांब लावावी लागेल.