‘कळवू’ म्हणाले, त्यानंतर

मुलुंड, मुंबई

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, त्या कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीत विभागप्रमुखांनी पगाराची अपेक्षा विचारली, रुजू कधी होता येईल तेही विचारले, ‘दोन-तीन दिवसांत कळवू’ म्हणाले, आणि त्याला आज पाच आठवडे झाले. डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत लोकल, तिथून शेअर रिक्षा, आणि हातच्या नोकरीत तीन वेळा तब्येतीचे कारण सांगून काढलेली रजा, एवढे सगळे करून पदरी काय, तर शांतता. ‘नाही म्हणाले असते तरी चालले असते,’ असे तू लिहिले आहेस. हे वाक्य माझ्या कानावर नोकरीच्या काळात फारसे आले नाही, याचे कारण असे की उमेदवारांचे फोन आम्ही उचलतच नव्हतो.

मी एकतीस वर्षे या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो. आधी पर्सोनेल ऑफिसर, नंतर एचआर मॅनेजर. पाटी बदलली, काम तेच राहिले. म्हणून तुला धीर देण्याआधी पलीकडे काय चाललेले असते ते सांगतो. त्यातून धीर आपोआप आला तर उत्तम.

मी कामाला लागलो तेव्हा न निवडलेल्या उमेदवाराला पत्र जात असे. मजकूर ठरलेला, नाव आणि पद तेवढे टाइप करायचे, साहेबांची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या टपालात टाकायचे. एका जागेसाठी अर्ज येत ते पन्नास-साठ, मुलाखतीला येत ते आठ-दहा, त्यामुळे हे जमत होते. 1997 मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाले, पाठोपाठ ईमेल सर्वांच्या हाती आला, आणि एका जाहिरातीला शेकड्यांनी अर्ज येऊ लागले. गंमत पाहा, टपालखर्च आणि टायपिस्टचा वेळ लागत होता तोवर उत्तर जात होते. ते फुकट झाले आणि बंद पडले.

पण संख्येचे कारण अर्जांपुरतेच खरे आहे. तीन फेऱ्यांपर्यंत पोहोचलेली माणसे तेव्हाही चार-पाचच असत आणि आजही तेवढीच असतात. त्यांना उत्तर न जाण्याचे मुख्य कारण निराळे आहे आणि ते बाहेर कुणी बोलत नाही. आपल्याकडे, विशेषतः आयटी, बँकिंग आणि मोठ्या खासगी कंपन्यांत, नोटीस पीरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर जुन्या जागी काढायचा काळ, साठ ते नव्वद दिवसांचा असतो. कंपनीने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिली, त्याने ती स्वीकारली, तरी तो प्रत्यक्ष रुजू होईल तो तीन महिन्यांनी. आणि त्या तीन महिन्यांत त्याची जुनी कंपनी त्याला पगार वाढवून थांबवते किंवा तो तीच ऑफर दाखवून तिसरीकडे जास्त पगार मिळवतो. रुजू होण्याच्या दिवशी सकाळी फोन बंद करून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘नाही’ कळवणे म्हणजे हातचे सोडणे, आणि ‘तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात’ असे सांगणे कोणत्याही साहेबाला रुचत नाही. मग घोंगडे भिजत ठेवले जाते. तुझ्याशी पगार आणि रुजू होण्याची तारीख इथपर्यंत बोलणे झाले होते. माझा अंदाज आहे की तू नापास झालेली नाहीस, राखीव आहेस. अंदाजच आहे, त्यावर घर बांधू नकोस.

इतर कारणे किरकोळ आणि कंटाळवाणी आहेत. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, त्याच्या आगेमागे खर्चाला कात्री लागते आणि मंजूर झालेली जागा ‘होल्ड’वर जाते. मुलाखत घेणारे साहेब अभिप्रायाचा फॉर्म भरत नाहीत. तुझ्याशी बोलणारी एचआरमधली मुलगी स्वतःच नोकरी सोडून जाते आणि तिचा मेलबॉक्स कुणी उघडत नाही. शिवाय एचआरचे काम मोजले जाते ते ‘किती जागा भरल्या’ यावर. किती जणांना वेळेवर नकार कळवला, हे मी केलेल्या एकाही वार्षिक मूल्यमापनात मला कुणी विचारले नाही, आणि मीही माझ्या हाताखालच्यांना विचारले नाही.

कायद्याविषयी तू विचारले आहेस. खासगी कंपनीने मुलाखतीचा निकाल उमेदवाराला कळवलाच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे नाही. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने तशी सक्ती 1 जानेवारी 2026 पासून केली आहे: जिथे पंचवीस किंवा अधिक कर्मचारी आहेत अशा मालकाने, जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली असेल, तर शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत, निवडीचा निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचे. तू तिकडे असतीस तरी कंपनीच्या हातात अजून दहा दिवस असते, हे लक्षात घे. सरकारी संस्था किंवा सार्वजनिक उपक्रमातली मुलाखत असेल तर मात्र 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून स्वतःच्या अर्जाचे काय झाले ते विचारता येते आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. बीकेसीतल्या खासगी कंपनीला हे लागू नाही.

आता तू काय करावेस, ते. पुढच्या मुलाखतीपासून, उठण्यापूर्वी, ‘निर्णय साधारण कधीपर्यंत होईल आणि चौकशी कुणाकडे करावी?’ असे सरळ विचार. यात आगाऊपणा नाही. उलट जो उमेदवार हे विचारतो त्याच्या नावापुढे आम्ही मनातल्या मनात एक खूण करत असू. सांगितलेली तारीख वहीत लिही. ती टळली की दोन कामाचे दिवस जाऊ दे आणि मग मेल कर. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि मुलाखतीची तारीख घाल, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यावर त्या वेळी वीस जागा असतात आणि नुसत्या नावावरून त्याला तू आठवणार नाहीस. मजकूर चार ओळींचा: मुलाखत झाली, अजून इच्छुक आहे, निर्णय कोणत्या टप्प्यावर आहे ते कळावे, अमुक तारखेपर्यंत मला अन्य ठिकाणी कळवायचे आहे. शेवटचे वाक्य खरे असेल तरच लिही. हातात नसलेल्या ऑफरचा धाक घालणाऱ्यांना आम्ही ‘पत्र दाखवा’ म्हणत असू, आणि तिथेच संभाषण संपत असे.

आठवड्याने आणखी एक मेल आणि एक फोन, तोही कार्यालयाच्या क्रमांकावर आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी. विभागप्रमुखांचा मोबाइल क्रमांक तुला मिळाला असला तरी त्यावर रात्री व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. त्यानंतर तिसरा मेल, ज्यात काहीही मागायचे नाही: ‘उत्तर न आल्यामुळे मी ही प्रक्रिया माझ्या बाजूने पूर्ण झाली असे समजते, पुढे योग्य जागा निघाल्यास जरूर कळवावे.’ इथे राग नको, टोमणा नको. मुंबईत एकेका धंद्यातली एचआरची माणसे एकमेकांना ओळखतात आणि तीच पुढच्या कंपनीत पुन्हा समोर येतात. या तिसऱ्या मेलचा उपयोग त्यांच्यापेक्षा तुला अधिक आहे, कारण तो पाठवल्यावर मेल तपासायला दर तासाला फोन उचलण्याचे कारण उरत नाही. आणि या साऱ्या काळात दुसरे अर्ज थांबवायचे नाहीत. तू त्या तीन फेऱ्यांच्या भरवशावर महिनाभर कुठेच अर्ज केला नाहीस, हे मला तुझ्या पत्रातले सर्वांत काळजीचे वाक्य वाटले. लेखी ऑफर हाती आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, हे तुझ्या आईने सांगितले असेलच.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. आमचे कार्यालय अंधेरीहून हलवले तेव्हा माझ्या कपाटात ‘होल्ड’ लिहिलेली एक फाइल सापडली. त्यात अंतिम फेरीपर्यंत आलेल्या अकरा जणांचे कागद होते. एका मुलाने मुलाखतीनंतर तीन पत्रे पाठवली होती, शेवटच्या पत्रासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट होते. त्याचे काम उत्तम होते. त्याची जागाच रद्द झाली होती आणि हे सांगायला मला दोन मिनिटे लागली असती. एवढ्या उशिरा काय लिहावे ते सुचले नाही, म्हणून तेव्हाही लिहिले नाही. ते पाकीट मी बरेच दिवस टेबलाच्या खणात ठेवले होते.

बीकेसीच्या कंपनीला मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिला मेल कर. सोमवारी सकाळी त्यांच्या बैठका असतात. मसुदा आधी मला पाठव. तुझी वाक्ये लांबतात, मी कापून देईन.

तुझा,
काका

ता. क. कन्सल्टंटकडून, म्हणजे कंपन्यांना माणसे शोधून देणाऱ्या मध्यस्थाकडून, आलेल्या त्या दुसऱ्या मुलाखतीबद्दल लिहायचे राहिले. कन्सल्टंटला पैसे मिळतात ते उमेदवार रुजू झाल्यावर, कंपनीकडून, बहुधा वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तुझी निवड झाली नसेल तर तुला फोन करण्यात त्याला काही मिळत नाही, म्हणून तो करत नाही. पण तो तुझ्याकडे नोंदणी शुल्क किंवा कागदपत्रांच्या पडताळणीचे पैसे मागू लागला, तर उत्तर न देता फोन ठेवण्याची पाळी तुझी.