नागपूरच्या कुटुंबासाठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की, नागपुरात राहणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाने वीस लाखांच्या आतबाहेरची गाडी घेताना फोर व्हील ड्राइव्हसाठी जास्तीचे पैसे मोजावेत की टू व्हील ड्राइव्हवर भागवावे. काटोल तालुक्यात तुमची वडिलोपार्जित शेती आहे, वर्षातून एखादी फेरी चिखलदरा किंवा पचमढीची होते, आणि फोर व्हील ड्राइव्ह 'जास्त सुरक्षित' असते असे शोरूममधील विक्रेत्याने तुम्हाला सांगितले आहे. माझ्या मते यातला शेतीचा मुद्दा तेवढा निर्णायक आहे. डांबरी रस्ता संपल्यानंतर शेतापर्यंत किती अंतर उरते, तिथली माती कशी आहे आणि जुलै ते सप्टेंबर या काळात तुम्हाला तिथे गाडीनेच जावे लागते का, या तीन गोष्टींवर उत्तर ठरते.

आधी सुरक्षिततेचा दावा बाजूला करू, कारण त्याच्याच जोरावर बरीच विक्री होते. इंजिनाची शक्ती दोन चाकांकडे जाते की चार, याचा परिणाम गाडी वेग घेताना, चढ चढताना किंवा चिखलातून निघताना दिसतो. थांबण्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचे आहे, आणि ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते. समृद्धी महामार्गावर ताशी 120 किलोमीटरच्या वेगात पाण्याच्या थरावर चाके तरंगू लागली, तर चारही चाकांना शक्ती मिळत असल्याचा काही उपयोग नाही. तिथे टायरच्या खाचांची खोली आणि चालकाने वेळेवर कमी केलेला वेग या दोनच गोष्टी कामी येतात. साचलेल्या पाण्याचेही तसेच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तेव्हा काठच्या वस्त्यांमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. तशा पाण्यातून गाडी काढण्याचा प्रयत्न केला आणि हवा घेण्याच्या नळीतून पाणी आत शिरले, की इंजिन निकामी होते, मग गाडी कोणत्याही प्रकारची असो.

चिखलदरा आणि पचमढी हेही कारण होऊ शकत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट डांबरी आहे, छिंदवाड्याकडून पचमढीला जाणारा रस्ताही डांबरी आहे, आणि पचमढीत जिथे खरोखर वाट खराब आहे त्या बऱ्याच ठिकाणी तुमची गाडी नेऊच देत नाहीत, तिथली जिप्सी करावी लागते. पेंच आणि ताडोबाच्या सफारीलाही तोच नियम लागू आहे.

आता मातीकडे वळतो, कारण नागपूरच्या माणसासाठी खरा विषय तोच आहे. आपले शहर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या अगदी पूर्वेकडच्या काठावर वसलेले आहे. पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागांत बेसाल्टपासून बनलेली काळी कापसाची जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. पूर्वेला मौदा, रामटेककडे खडक बदलतो, धानाची शेती सुरू होते आणि जमिनीचा पोतही बदलतो. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती चाकाला नुसती लागत नाही, तर चिकटून राहते. टायरच्या खाचा काही मीटरमध्ये भरून जातात आणि चाक गुळगुळीत होते. त्यानंतर त्या चाकाला कितीही शक्ती दिली तरी ते जागच्या जागी फिरून स्वतःसाठी खड्डा करते. आमची जमीन कळमेश्वरच्या बाजूला आहे आणि तिथल्या पांदण रस्त्यावर मी शहरी टायर लावलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्याही ट्रॅक्टरने ओढून काढताना पाहिल्या आहेत. अशा गाडीत फरक एवढाच असतो की ती इतरांपेक्षा थोडी पुढे जाऊन फसते, त्यामुळे ट्रॅक्टरलाही तितके आत यावे लागते. पांदणीवर मुरूम टाकून दबाई झाली असेल, किंवा तुमच्या शेताकडची जमीन मुळातच बरड असेल, तर भर पावसाचे दिवस सोडून बरा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांतले अंतर) असलेली साधी गाडीही बिनदिक्कत जाते. म्हणजे फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग मधल्या पट्ट्यात आहे: जिथे निसरडे आहे पण खोल नाही, जिथे ओल्या गवताचा चढ आहे, जिथे नाल्यातून उतरून पलीकडच्या काठावर चढायचे आहे. तुमच्या वाटेवर असा पट्टा असेल आणि पावसाळ्यात तो नेहमीच ओलांडायचा असेल, तर पैसे सार्थकी लागतील.

टू व्हील ड्राइव्हमध्येही दोन प्रकार आहेत, आणि याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. क्रेटा, सेल्टोस, ब्रेझा, नेक्सॉन या गाड्यांची पुढची चाके ओढतात. स्कॉर्पिओ-एनची टू व्हील ड्राइव्ह आवृत्ती मागच्या चाकांवर चालते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत इंजिनाचे वजन नेमके त्याच चाकांवर असल्यामुळे निसरड्या सपाट वाटेवर ती आश्चर्य वाटावे इतकी चांगली निघते. मात्र पाच माणसे आणि डिकीत संत्र्याची पोती घेऊन ओला चढ चढताना भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि घसरू लागतात. मागच्या चाकांच्या गाडीचे उलट आहे. ती भरलेली असताना चढ उत्तम चढते आणि रिकामी असताना चिखलात शेपूट फिरवते. तुम्ही शेतावर जाताना रिकामे आणि येताना भरलेले असाल, तर हा विचार दोन की चार या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

फोर व्हील ड्राइव्हचेही सगळे प्रकार सारखे नाहीत. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या काही आवृत्त्यांत मिळणारी ऑल व्हील ड्राइव्ह नेहमी पुढच्या चाकांवर चालते आणि गरज भासेल तेव्हा मागच्या चाकांना आपोआप शक्ती देते. तिच्यात लो रेंज, म्हणजे अतिशय संथ पण जोरकस चालीचे गिअर, नसते. कुटुंबासाठी ती सोयीची आहे, कारण चालकाला काही ठरवावे लागत नाही. थार, जिम्नी आणि स्कॉर्पिओ-एनची फोर व्हील आवृत्ती यांत लो रेंज असते, परंतु तिथे फोर व्हील चालकाने स्वतः लावायची असते आणि कोरड्या सिमेंटच्या रस्त्यावर ती लावून चालवायची नसते; वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्या फरकाला वाट देणारा मधला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे यंत्रणेवर ताण साचत जातो. घरातले दोघे-तिघे गाडी चालवत असतील तर हे प्रत्येकाला नीट समजावून द्यावे लागेल. जिम्नी आणि तीन दरवाजांची थार या गाड्यांत चौघांचीच आसने आहेत, त्यामुळे त्या तुमच्या यादीतून आपोआप बाद होतात. पाच दरवाजांची थार रॉक्स पाच जणांची आहे, पण तिच्यात फोर व्हील केवळ डिझेल इंजिनासोबत मिळते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. किमतीतला फरक साधारण दीड लाखापासून पुढे सुरू होतो, आणि बऱ्याच मॉडेलांत ही सोय वरच्या आवृत्तीतच मिळत असल्याने नको असलेल्या सनरूफचेही पैसे मोजावे लागतात. ग्रँड व्हिटारा 2022 मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या साध्या मॅन्युअल आवृत्तीचे प्रमाणित मायलेज लिटरला 21.11 किलोमीटर होते, तर ऑल व्हील ड्राइव्ह मॅन्युअलचे 19.38. शिवाय जास्तीच्या डिफरन्शियलचे तेल वेळच्या वेळी बदलावे लागते, आणि एक टायर फाटला तर बाकीचे किती झिजले आहेत ते पाहून कधी दोन, कधी चारही नवे घ्यावे लागतात, कारण चाकांच्या घेरातला फरक या यंत्रणेला मानवत नाही.

तुमच्या जागी मी असतो आणि शेतावरच्या बहुतेक फेऱ्या दिवाळीनंतर, संत्र्याच्या तोडणीच्या आसपास होत असत्या, तर पुढची चाके ओढणारी, ईएससी (गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेली गाडी घेतली असती, आणि वाचलेल्या पैशांतून दर काही वर्षांनी टायर वेळेआधी बदलले असते. टायरवरची झीजखूण 1.6 मिलिमीटर खोली उरल्यावर रबराच्या पातळीला येते, पण पावसाळ्याच्या तोंडावर तिथपर्यंत थांबू नये. आपल्याकडचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि खाचा शिल्लक असतानाही रबर कडक होते, म्हणून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचत जा. 2324 म्हणजे 2024 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. डिकीत ओढण्याचा दोर ठेवा आणि गाडीचा टो हूक कुठे बसतो हे आधीच पाहून ठेवा; भर पावसात ते शोधणे फार त्रासाचे होते.

शेतावर ऑगस्टमध्येही जावेच लागत असेल, म्हणजे आई तिथे राहत असेल किंवा रोजची देखरेख तुमच्याकडे असेल, तर मात्र फोर व्हील घ्या, आणि तिच्यासोबत जाड खाचांचे ऑल टेरेन टायर घ्या, कारण त्यांच्याशिवाय काळ्या मातीत ती अर्धीच उपयोगाची आहे. चाचणीसाठी गाडी वर्धा रोडच्या सिमेंटवर फिरवून काही कळणार नाही, तिथे दोन्ही आवृत्त्या सारख्याच वाटतील. विक्रेत्याला पाऊस पडून गेल्यावर ओल्या मुरमाच्या चढावर, पाचही माणसे बसवून चाचणी द्यायला सांगा. तो तयार नसेल, तर गावात त्याच मॉडेलची गाडी वापरणारा कोणी आहे का ते शोधा आणि त्याच्यासोबत एकदा पांदणीने शेतापर्यंत जाऊन या.