‘के फारो सेंझा एउरिदीचे’ हे ग्लुक यांच्या ऑपेरातलं, म्हणजे संगीतनाटकातलं, गाणं विलापगीत आहे ना? मग अ‍ॅप त्याला ‘सी मेजर, आनंदी’ का म्हणतं? आणि त्याची खरी लय कोणती?

अ‍ॅपने स्वर बरोबर ओळखले (मेजर म्हणजे साधारण आपले शुद्ध स्वर), भाव साफ चुकीचा सांगितला. हीच चूक १९७९ साली पुण्यात एका जाणत्या गृहस्थांनी भर बैठकीत माझ्यासमोर केली होती. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, ते आज इथे देतो.

वडील भुसावळला रेल्वेत होते. त्यांचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर मित्र कायमचे ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा चावीचा ग्रामोफोन आणि पंधरा-वीस तबकड्या आमच्या क्वार्टरमध्ये ठेवून गेले. त्यात इंग्लिश गायिका कॅथलीन फेरिअरची या गाण्याची तबकडी होती. डेक्का कंपनीची, १९४६ सालचं ध्वनिमुद्रण, गायलंय इंग्रजीत. १९७४ मध्ये आई गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि त्या रात्री वडिलांनी ही तबकडी लावली. मग रोजच लावायला लागले, जेवणं झाल्यावर.

ग्रामोफोनची स्प्रिंग जुनी झाली होती. ध्रुवपद तिसऱ्यांदा येईपर्यंत चावी उतरायची, लय बसायची आणि लयीबरोबर सूरही खाली यायचा. मी पेटीवर धरून पाहिलं होतं, शेवटी जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला असायचा. ७८ फेऱ्यांची तबकडी ७४च्या आत-बाहेर फिरली की एवढा फरक पडतोच. वडील न बोलता उठायचे, हलक्या हाताने चार वेढे द्यायचे, आणि त्या बाईंचा आवाज हळूहळू परत आपल्या जागी चढायचा. मला रडू यायचं ते नेमकं त्या चढण्याला.

पुण्यात शिकायला आल्यावर एका श्रवणबैठकीत मी हीच तबकडी मोठ्या अभिमानाने नेली. ती संपल्यावर ते गृहस्थ म्हणाले, “हा तर सरळ बिलावल, सगळे शुद्ध स्वर. यात दुःख कुठे आहे? ‘हरवली’च्या जागी ‘सापडली’ घाला, चाल तशीच शोभेल.” सगळे हसले. मी तबकडी पिशवीत घालून निघून आलो.

पुढे कळलं की हा मुद्दा त्यांचा नव्हताच. व्हिएन्नाचे समीक्षक एदुआर्द हान्सलिक यांनी १८५४च्या आपल्या पुस्तकात याच आरियाचा, म्हणजे ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्याचा, दाखला देऊन तो मांडला होता. पण खुद्द संगीतकार ग्लुक यांनी त्याच्या कितीतरी आधी, १७७०मध्ये, आपल्या पुढच्या एका ऑपेराच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की या गाण्याच्या अभिव्यक्तीत जरासा बदल केला, तरी त्याचा कळसूत्री बाहुल्यांचा नाच होईल. म्हणजे धोका कुठे आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही त्यांनी शुद्ध स्वरच ठेवले.

का ठेवले, हे प्रसंग पाहिला की कळतं. ग्रीक पुराणातला गायक ऑर्फेओ आपल्या मेलेल्या बायकोला, एउरिदीचेला, पाताळातून परत आणतोय, मागे वळून पाहायचं नाही ही अट. तो पाहतो आणि ती दुसऱ्यांदा मरते. तेव्हा तो विचारतो, ‘तुझ्यावाचून काय करू? कुठे जाऊ?’ मध्येच थांबून तिला हाक मारतो, तिथे लय मोडते. उत्तर येत नाही. मग पुन्हा तीच चाल, तेच स्वर. ध्रुवपद असं तीनदा येतं, आणि दुःख त्या परत येण्यात आहे. आई गेल्यावर वडिलांनी एका संध्याकाळी मला तीनदा विचारलं, “तुरीच्या डाळीचा डबा कुठे असतो रे?” आवाज रोजचाच होता. ते रडत असते तर मला इतकं लागलं नसतं.

तेव्हा मेजर म्हणजे सुख आणि मायनर (कोमल गंधाराची पट्टी) म्हणजे दुःख हे गणित सोडून द्या. आपल्याकडे भैरवीत चार स्वर कोमल असतात, म्हणून मैफलीतून लोक रडत घरी जातात का?

आता तुमच्या लयीचं. बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला किती ठोके या, आकड्यावर विसंबू नका. या गाण्यात मात्रा दोन धरायच्या की चार, यावर आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि हाकेच्या जागी लय मोडते तिथे सरासरीला अर्थच उरत नाही. पट्टीचंही तसंच. १७६२च्या व्हिएन्नातल्या मूळ ऑपेरात हे गाणं सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी एकमध्ये आहे, कारण ऑर्फेओ गाणारे ग्वादान्यी आल्टो आवाजाचे, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत गाणारे, कास्त्रातो होते (लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला नाही असे पुरुष गायक). १७७४मध्ये पॅरिससाठी ग्लुक यांनी ते टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीच्या, आवाजाला बसवलं आणि एफ मेजरमध्ये नेलं. जुन्या धाटणीच्या वाद्यांवर ‘ए’ हा स्वर ४४०ऐवजी ४१५ हर्ट्झला (सेकंदाला तेवढी कंपनं) लावून केलेलं ध्वनिमुद्रण असेल, तर अ‍ॅप बी मेजर दाखवेल. अ‍ॅप खोटं बोलत नाही, वाद्यंच अर्धा स्वर खाली लावलेली असतात.

माझ्या मते लय फेरिअरची, संथ. त्याहून जलद गायलं की बाहुल्या नाचायला लागतात.

हे मात्र सांगायला हवं की जुन्या वाद्यांवर गाणारे बरेच जण हे गाणं चांगलंच चालतं ठेवतात, आणि मात्रा दोनच्या धरल्या तर कागदावर त्यांचीच बाजू भक्कम आहे. मला इटालियन येत नाही, त्यामुळे त्या भाषेतल्या शब्दांचं वजन मी कानानेच तोलतो. तुम्ही दोन्ही प्रकार ऐका. गायक कुणीही असो, तिसऱ्या ध्रुवपदाशी तो लय किंचित सोडतो का, तिथे कान ठेवा. माझे वडील चावी द्यायला उठायचे ते तिथेच.